विषाणू गेला, आजार राहिला

"रिपोर्ट निगेटिव्ह आला, सुटलो एकदाचे!" २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत हे वाक्य मराठी घरांमध्ये जितक्या वेळा उच्चारलं गेलं असेल, तितक्या वेळा "जेवलास का?" सुद्धा विचारलं गेलं नसेल. :) या वाक्यात एक गृहीत दडलेलं आहे. विषाणू म्हणजेच आजार. तो अंगात शिरला की आजार सुरू, तो गेला की आजार संपला. सरळ हिशेब.

पण त्याच दोन वर्षांत आपण सगळ्यांनी या हिशेबात न बसणाऱ्या दोन गोष्टी पाहिल्या. पहिली म्हणजे, पाच-सहा दिवस ताप-खोकला काढून "आता बरं वाटतंय" म्हणणारा धडधाकट माणूस आठव्या-दहाव्या दिवशी अचानक ऑक्सिजनवर जायचा. दुसरी म्हणजे, घरच्या घरीच बरा झालेला, ॲडमिटसुद्धा न झालेला माणूस सहा महिन्यांनी म्हणायचा, "जिना चढवत नाही रे, आणि वाचलेलं डोक्यात राहत नाही." पहिल्याच्या अंगात विषाणू तोवर कमी व्हायला लागलेला असायचा. दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये काहीच नसायचं. मग त्रास कोण देत होतं?

थोडक्यात उत्तर असं, की बऱ्याच अंशी आपलंच शरीर. आपली प्रतिकारशक्ती. आणि हे काही २०२० मध्ये आकाशातून पडलेलं ज्ञान नव्हतं. त्याचे धागे साठ वर्षं मागे जातात. या वीकेंडला तोच इतिहास सांगायचा बेत आहे. मी डॉक्टर नाही, दिवसभर कोडमधले बग शोधणं हा माझा धंदा. तेव्हा औषधांचा सल्ला इथे मिळणार नाही. पण एखादी सिस्टिम नेमकी कुठे आणि कशी बिघडते याचं कुतूहल मला सोडवत नाही, आणि हिच्याइतकी गुंतागुंतीची सिस्टिम दुसरी नाही.

सॅलिसबरीचं सर्दी-केंद्र

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळ एक रिकामं हॉस्पिटल पडून होतं. युद्धकाळात अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाने आणि रेड क्रॉसने ते उभारलं होतं. १९४६ मध्ये तिथे ‘कॉमन कोल्ड युनिट’ सुरू झालं, म्हणजे साध्या सर्दीवर संशोधन करणारं केंद्र. पद्धत एकदम मजेशीर होती. पेपरात आवाहन करून धडधाकट स्वयंसेवक बोलवायचे, त्यांना दोघा-तिघांच्या गटाने दहा दिवस वेगवेगळ्या खोल्यांमध्ये ठेवायचं आणि नाकात थेंब सोडायचे. थेंबात विषाणू आहे की नुसतंच पाणी, हे त्यांना सांगायचं नाही. मग रोज तपासायचं. किती शिंका आल्या, किती कागदी रुमाल वापरले, त्या रुमालांचं वजन किती भरलं! बाहेर फिरायला परवानगी होती, पण इतरांपासून तीस फूट लांबून. (सोशल डिस्टन्सिंग आपण शोधलं असं वाटणाऱ्यांसाठी. :)) पुढच्या चार दशकांत सुमारे वीस हजार लोक तिथे असे राहून गेले.

१९६० मध्ये एका बोर्डिंग स्कूलमधल्या सर्दी झालेल्या मुलाच्या नाकातला नमुना या केंद्राकडे आला. त्याला नंबर दिला बी ८१४. हा नमुना स्वयंसेवकाच्या नाकात घातला की सर्दी व्हायची, पण प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पेशींमध्ये काही केल्या वाढायचा नाही. केंद्राचे डेव्हिड टायरेल यांनी स्वीडनच्या बर्टिल हूर्नकडून एक नवीन तंत्र घेतलं. मानवी श्वासनलिकेचा तुकडाच काचेच्या भांड्यात जिवंत ठेवायचा आणि त्यावर विषाणू वाढवायचा. १९६५ मध्ये टायरेल आणि बायनो यांनी जाहीर केलं की बी ८१४ वाढला, आणि तो ओळखीच्या कुठल्याही विषाणूसारखा नाही. त्याच सुमारास शिकागोत डोरोथी हॅमर यांना वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या नमुन्यांतून तसाच एक विषाणू सापडला होता, २२९ई.

हा दिसतो कसा, हे सांगणारी बाई म्हणजे जून अल्मेडा. ग्लासगोच्या एका बस ड्रायव्हरची मुलगी. सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन झाली. कॉलेजची पदवी नसताना कॅनडात जाऊन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये अशी तरबेज झाली, की लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलने तिला बोलावून घेतलं. विषाणूमध्ये त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, मिसळायच्या. मग विषाणूंचे गठ्ठे बनतात आणि गर्दीत हरवलेला विषाणू नजरेला पडतो. ही तिची खासियत. बी ८१४ च्या कणांभोवती तिला मुकुटासारखी प्रभावळ दिसली. असेच कण तिने आधी कोंबड्यांच्या आणि उंदरांच्या एकेका विषाणूत पाहिले होते, पण तो लेख "ही इन्फ्लुएंझाचीच वाईट काढलेली छायाचित्रं आहेत" असं म्हणून परत आला होता. १९६८ मध्ये ‘नेचर’मध्ये आठ शास्त्रज्ञांच्या सहीने या घराण्याचं बारसं झालं, कोरोनाव्हायरस. कोरोना म्हणजे मुकुट किंवा प्रभामंडळ.

आपल्या गोष्टीसाठी मात्र सॅलिसबरीचा सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग शेवटी शेवटी झाला. त्याचे निष्कर्ष १९९० मध्ये छापले गेले, आणि केंद्र त्याच सुमारास बंदही झालं. पंधरा स्वयंसेवकांच्या नाकात २२९ई सोडला. दहा जणांना संसर्ग झाला, त्यातल्या आठ जणांना सर्दी झाली. संसर्ग कोणाला झाला? ज्यांच्या रक्तात आधीपासूनची प्रतिपिंडं कमी होती त्यांना. संसर्ग झालेल्यांच्या रक्तात आठवड्याभराने प्रतिपिंडं वाढायला लागली, आणखी आठवड्याने सर्वोच्च पातळीला गेली आणि मग हळूहळू उतरत गेली. वर्षाने पुन्हा तोच विषाणू त्यांच्या नाकात घातला. आधी संसर्ग झालेल्यांतही काहींना तो परत झाला! पण विषाणू अंगात कमी दिवस राहिला, आणि सर्दी एकालाही झाली नाही.

हा निष्कर्ष जरा थांबून वाचण्यासारखा आहे. ‘संसर्ग होऊ न देणं’ आणि ‘आजारी पडू न देणं’ ही प्रतिकारशक्तीची दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम ती वर्षभरात विसरायला लागते, दुसरं बराच काळ लक्षात ठेवते. २०२१ मध्ये "लस घेऊनही कोरोना झाला, मग लशीचा उपयोग काय?" या प्रश्नावर व्हॉट्सॲपवर जे रणकंदन झालं, त्याचं उत्तर तीस वर्षं आधी छापलेलं होतं. पण साध्या सर्दीवरचा जुना पेपर कोण वाचतो?

रेस कंडिशन

इथे थोडं तंत्र सांगावंच लागेल, पण थोडक्यात.

आपल्या प्रतिकारशक्तीचे दोन थर. पहिला जन्मजात. शत्रू कोण आहे याची चौकशी न करता काही तासांतच कामाला लागणारा. त्याचं मुख्य हत्यार इंटरफेरॉन. १९५७ मध्ये लंडनच्या मिल हिलमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमन यांनी ते शोधलं. विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन सोडते, आणि शेजारच्या पेशी ते ओळखून आपापली दारं-खिडक्या लावून घेतात. वाड्यात चोर शिरल्यावर पहिल्या खोलीतल्या माणसाने मारलेली बोंब म्हणा ना.

दुसरा थर शिकून तयार होणारा. बी-पेशी प्रतिपिंडं बनवतात, टी-पेशी विषाणूने बळकावलेल्या पेशी शोधून मारतात. हा थर नेमका घाव घालतो आणि स्मृतीही ठेवतो, पण पहिल्या भेटीत त्याला तयार व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. तोपर्यंत किल्ला पहिल्या थराने लढवायचा.

आमच्या धंद्यात ‘रेस कंडिशन’ नावाचा एक छळवादी बग असतो. दोन प्रोग्रॅम, दोन्ही आपापल्या जागी बिनचूक. पण एक जरा उशिरा आला तर दोघं मिळून सगळा डेटा खराब करतात. कोडच्या ओळी कितीही वाचा, चूक सापडत नाही, कारण चूक ओळीत नसते, वेळेत असते. कोरोनाच्या गंभीर आजाराचं बरंचसं रहस्य असंच आहे. या विषाणूंकडे इंटरफेरॉनची बोंब दाबून टाकणारी प्रथिनं असतात. बोंब उशिरा ऐकू आली की विषाणू तोवर फुफ्फुसभर पसरलेला असतो. मग जाग आलेली सिस्टिम दुप्पट जोराने तुटून पडते, आणि चोर कमी, घरच जास्त मोडतं.

२००३ : सार्सने सांगितलेलं

हे पहिल्यांदा माणसात ठळकपणे दिसलं ते सार्समध्ये. नोव्हेंबर २००२ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात सुरू झालेली ही साथ फेब्रुवारी २००३ मध्ये हाँगकाँगच्या एका हॉटेलातून जगभर गेली. आठ हजारांवर रुग्ण, ७७४ मृत्यू. तोपर्यंत कोरोनाव्हायरस म्हणजे किरकोळ सर्दीवाले, असाच डॉक्टरांचा समज होता.

हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत एकदम शेकडो लोक आजारी पडले. मलिक पेरिस आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या ७५ रुग्णांचा दिवसागणिक माग ठेवला आणि मे २००३ मध्ये तो छापला. विषाणूचं प्रमाण साधारण दहाव्या दिवशी सर्वांत जास्त असायचं आणि पंधराव्या दिवसापर्यंत खाली यायचं. पण पेशंट? तो याच काळात बिघडत जायचा! दोन आलेख उलट्या दिशेने. त्यांनी लिहिलं की ही घसरण विषाणूच्या बेफाम वाढीमुळे नाही, तर प्रतिकारशक्तीनेच केलेल्या नुकसानीमुळे होत असावी.

निदान बरोबर होतं, उपाय मात्र घाईत झाला. प्रतिकारशक्ती अति करते आहे ना, मग तिला दाबा. हाँगकाँग आणि बीजिंगमध्ये अनेक रुग्णांना स्टिरॉइडचे मोठमोठे डोस दिले गेले. कधी द्यायचं, कोणाला, किती, हे ठरवणारी नीट चाचणी साथीच्या धामधुमीत झालीच नाही. किती जीव वाचले ते त्यामुळे कधी कळलं नाही. मागे काय राहिलं ते कळलं. बरे झालेल्या कित्येकांच्या खुब्याच्या हाडांचा रक्तपुरवठा बंद पडून हाडं आतून मेली. ऐन उमेदीतली माणसं, त्यात हॉस्पिटलमधले कर्मचारी भरपूर, लंगडत घरी गेली.

सार्सने आणखी दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक चांगली. सिंगापूरमध्ये अँटोनियो बर्टोलेटी यांच्या गटाने २०२० मध्ये सार्समधून बरे झालेल्या २३ जणांचं रक्त तपासलं. सतरा वर्षांनंतरही त्यांच्या टी-पेशी त्या विषाणूला ओळखत होत्या. दुसरी दुःखद. हाँगकाँगमध्ये चार वर्षांनी २३३ जणांना गाठून विचारलं, तर सुमारे ४० टक्के लोक सतत थकलेले होते. टोरांटोमध्येही सार्स झालेले आरोग्यकर्मचारी दीड-दोन वर्षांनी कामावर परतू शकत नव्हते. अंगदुखी, थकवा, झोप झाली तरी न झाल्यासारखी. २००९ आणि २०११ मध्ये हे पेपर छापले गेले. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. साथ संपली होती ना.

२०२० : बोंब कोणी दाबली?

नवीन कोरोना आला तेव्हा सगळ्यांना छळणारा प्रश्न होता, एकाच घरात एकाला नुसतं शिंकण्यावर भागतं आणि दुसरा थेट व्हेंटिलेटरवर, असं का? वय, मधुमेह, वजन ही कारणं होतीच, पण पुरत नव्हती.

सप्टेंबर २०२० मध्ये ज्याँ-लोराँ कासानोवा यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने एक थक्क करणारा पेपर काढला. अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली. या १०१ पैकी ९५ पुरुष. उलट ज्यांना सौम्य आजार झाला किंवा लक्षणंच आली नाहीत अशा ६६३ जणांमध्ये अशी प्रतिपिंडं एकाकडेही नव्हती. म्हणजे साधारण दहातल्या एका अत्यवस्थ माणसाच्या वाड्यात बोंब मारायच्या आधीच तोंडावर हात ठेवणारा घरभेदी बसलेला होता! आणि तो कोरोनाने आणलेला नव्हता, आधीपासून होता. पुढे असंही दिसलं की सत्तरीनंतर अशी प्रतिपिंडं लोकांमध्ये वाढत जातात. म्हाताऱ्यांनाच हा आजार का भोवतो, याचं एक ठोस उत्तर त्यात मिळालं.

आता दुसरं टोक, उशिरा उसळणारी सिस्टिम. इथे २००३ ची चूक सुधारली ती ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने. ऑक्सफर्डचे पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी ऐन साथीत, साध्या सरकारी हॉस्पिटलांमध्ये, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची वाटणी केली. एका गटाला डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टिरॉइड, रोज फक्त ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. दुसऱ्याला नेहमीचे उपचार. १६ जून २०२० ला निकाल जाहीर झाला. तो आकड्यांतच बघा.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांत मरणाऱ्यांचं प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आलं. नुसत्या ऑक्सिजनवरच्या रुग्णांत २६.२ वरून २३.३ वर. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता? त्यांच्यात स्टिरॉइड न घेणारे १४ टक्के गेले, घेणारे १७.८ टक्के. फायदा शून्य, झालाच तर तोटा!

औषध एकच, डोस एकच, फक्त वेळ वेगळी. ज्यांची सिस्टिम अति करते आहे त्यांना ते जीवदान, आणि ज्यांची अजून विषाणूशी मुकाट्याने लढते आहे त्यांच्या लढाईत पाय घालणं. रेस कंडिशन म्हटलं ते याच अर्थाने.

...आणि आपल्याकडे

हा निकाल जाहीर झाल्यानंतर दहा महिन्यांनी महाराष्ट्रात दुसरी लाट आली. तेव्हा काय झालं ते आठवा. बेड नाहीत, ऑक्सिजन नाही, डॉक्टर फोनवर. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रिस्क्रिप्शनमध्ये स्टिरॉइडच्या गोळ्या. ताप आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू, आणि दहा दिवसांची मर्यादा कोण मोजतो? घाबरलेल्या माणसाला नावं ठेवायची नाहीत. ज्याच्या घरात आईचा ऑक्सिजन ८८ वर आलाय, तो चाचण्यांचे पेपर वाचत बसत नाही, हाताला लागेल ते देतो.

पण किंमत मोजावी लागली. स्टिरॉइडने साखर वाढते आणि प्रतिकारशक्ती दबते. आपल्याकडे मधुमेह घरोघरी. अशा शरीरात, एरवी माती-हवेत निरुपद्रवीपणे असणारी बुरशी नाकातून शिरली ती सायनस, डोळा, जबडा खात मेंदूपर्यंत. म्युकरमायकोसिस, लोकांच्या तोंडी ‘काळी बुरशी’. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितला. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून जास्त रुग्ण झाले, आणि सगळ्यात जास्त महाराष्ट्रात. कोरोनातून वाचलेली माणसं, आणि कोणाचा डोळा काढावा लागला, कोणाचा वरचा जबडा.

हाँगकाँगची हाडं आणि आपल्याकडचे डोळे, मधे अठरा वर्षं. धडा तोच. प्रतिकारशक्तीला ‘वाढवायची’ किंवा ‘दाबायची’ वस्तू समजणं हीच मूळ गफलत आहे. काढा पिऊन ती वाढवा म्हणणारे आणि पहिल्या दिवशी स्टिरॉइड देणारे, दोघांचीही गफलत एकच. तिला रेडिओसारखं व्हॉल्यूमचं बटण नाही. कुठला थर, कुठल्या दिवशी, किती वेळ, हे सगळं महत्त्वाचं.

न संपणारा आजार

आता उरला तो दुसरा माणूस, जिना न चढवणारा.

त्याच्या आजाराला नाव डॉक्टरांनी दिलेलं नाही. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्वज्ञ बाईंनी, ज्या स्वतः आजारी होत्या, ट्विटरवर ‘लाँग कोविड’ हा शब्द वापरला. तेव्हा अधिकृत माहिती सांगत होती की सौम्य आजार दोन आठवड्यांत बरा होतो. जगभरच्या आजाऱ्यांनी एकमेकांना शोधून काढलं, गट केले आणि स्वतःच सर्वेक्षण केलं. त्यातली हॅना डेव्हिस मशीन लर्निंगमध्ये काम करणारी, म्हणजे आमच्याच जातकुळीतली. त्यांनी ५६ देशांतल्या ३,७६२ रुग्णांची माहिती गोळा करून २०२१ मध्ये छापली. २०३ वेगवेगळी लक्षणं! जागतिक आरोग्य संघटनेने अधिकृत व्याख्या केली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. युजरने बग नोंदवून सतरा महिने झाल्यावर कंपनीने "हो, असा बग आहे" म्हणावं, तसं. :(

खरं तर हे नवीन नव्हतंच. आपल्याकडे २००६ मध्ये चिकनगुन्याची साथ आली होती. ताप आठवड्यात उतरला, पण कित्येक आज्या पुढे वर्षभर भिंतीला धरून उठत होत्या. १८८९-९० च्या ‘रशियन फ्लू’नंतरही लोक महिनोन्महिने गळून गेल्याच्या नोंदी आहेत. बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये गणित मांडलं की ओसी ४३ हा आज साधी सर्दी देणारा कोरोना साधारण १८९० च्या सुमारास गाईगुरांच्या कोरोनापासून वेगळा झाला. त्यावरून ‘रशियन फ्लू’ हा फ्लू नसून कोरोनाच असेल असा एक तर्क आहे. तर्कच, पुरावा नाही.

मग लाँग कोविडमध्ये प्रतिकारशक्ती करते तरी काय? आजवरच्या संशोधनातून मुख्य संशयित असे.

पहिला, विषाणू पूर्ण गेलेलाच नाही. नाकात नसेल, पण आतड्यात किंवा इतर उतींमध्ये त्याचे अवशेष राहतात आणि सिस्टिमला सतत डिवचतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने २०२४ मध्ये दाखवलं की संसर्ग झालेल्या सुमारे २५ टक्के लोकांच्या रक्तात पुढच्या चौदा महिन्यांत कधी ना कधी विषाणूची प्रथिनं सापडली.

दुसरा, घरभेदी. विषाणूविरुद्ध बनवलेलं हत्यार स्वतःच्याच उतींवर चालायला लागतं.

तिसरा, झोपलेले जुने विषाणू जागे होणं. बहुतेक सगळ्यांच्या अंगात लहानपणापासून एपस्टाईन-बार विषाणू मुक्काम ठोकून असतो. येल विद्यापीठाच्या अकिको इवासाकी आणि न्यूयॉर्कचे डेव्हिड पुत्रिनो यांच्या २०२३ च्या अभ्यासात लाँग कोविडच्या रुग्णांमध्ये त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं वाढलेली दिसली, दमलेल्या टी-पेशी दिसल्या आणि कॉर्टिसोल कमी दिसलं. कॉर्टिसोलची गोष्ट नंतरच्या काही अभ्यासांत मात्र आढळली नाही.

चौथा, रक्तवाहिन्या आणि रक्त गोठवणारी यंत्रणा यांच्यात रेंगाळणारा दाह.

यातला खरा गुन्हेगार कोण? बहुधा प्रत्येक रुग्णात वेगवेगळा. आणि म्हणूनच एकच औषध सगळ्यांना देऊन बघणाऱ्या चाचण्या हात हलवत परत येतात. स्टॅनफर्डमध्ये १५५ रुग्णांवर पंधरा दिवस पॅक्सलोव्हिड हे विषाणूरोधक औषध वापरून पाहिलं. २०२४ मध्ये निकाल आला, फरक नाही. संशयित एक चुकीचा ठरला असं नाही. ‘सिस्टिम स्लो आहे’ या एकाच तक्रारीमागे चार वेगळे बग असतील तर एकच पॅच सगळ्यांना कसा लागू पडेल?

एक गोष्ट मात्र पक्की होत चालली आहे, ती म्हणजे हे ‘मनाचे खेळ’ नाहीत. ॲमस्टरडॅममध्ये २५ रुग्णांना थोडा वेळ जोरात सायकल चालवायला लावून आधी आणि नंतर त्यांच्या मांडीच्या स्नायूचा तुकडा तपासला. २०२४ च्या सुरुवातीला तो अभ्यास छापला गेला. श्रमानंतर त्यांच्या स्नायूंना इजा झालेली होती, आणि पेशींमधली ऊर्जा बनवणारी यंत्रणा नीट चालत नव्हती. "जरा हिंडा-फिरा, व्यायाम करा, आळस झटका" हा आपल्याकडचा ठरलेला सल्ला या माणसांना बरं करण्याऐवजी आठवडाभर अंथरुणात पाडू शकतो. व्यायाम वाईट आहे असं नव्हे. या माणसाचं बजेट वेगळं आहे, एवढंच.

रिपोर्ट नॉर्मल आहे

आमच्या ऑफिसांमध्ये सर्व्हरची तब्येत दाखवणारा एक मोठा पडदा असतो. सगळे दिवे हिरवे असले की आम्ही खूश. आणि कधीकधी सगळे दिवे हिरवे असताना फोन येतो, "साहेब, पैसे जात नाहीयेत." नवशिका म्हणतो, "इथे तर सगळं ठीक दिसतंय, तुमच्याच बाजूला काहीतरी असेल." मुरलेला माणूस म्हणतो, "म्हणजे जे मोजायला हवं ते आपण मोजतच नाही आहोत."

कोरोना आणि प्रतिकारशक्तीचा हा साठ वर्षांचा इतिहास वाचताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसलं. अल्मेडाचं चित्र परत पाठवलं गेलं, कारण ते ओळखीच्या साच्यात बसत नव्हतं. सार्सनंतरचा थकवा मोजून कपाटात ठेवला गेला. पेरेगोबाईंचं म्हणणं डॉक्टरांच्या यादीत नव्हतं. प्रत्येक वेळी तक्रार करणारा बरोबर होता, मोजपट्टी अपुरी होती.

लस घेतल्याने लाँग कोविडचा धोका कमी होतो, पण शून्य होत नाही. त्याचं निदान करणारी एकही सर्वमान्य रक्ततपासणी नाही, औषध म्हणून सर्वत्र मान्य झालेलं काही नाही. म्हणजे तुमच्या घरात, ऑफिसात, सोसायटीत असा एखादा माणूस असेल तर त्याच्याकडे पुरावा म्हणून फक्त स्वतःचा शब्द आहे. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून तो शब्द खोटा ठरत नाही. सध्या विज्ञानाकडे त्याला द्यायला गोळी नाही, पण आपल्याकडे विश्वास आहे, दोन जिने चढून त्याचं सामान वर पोचवणारे हात आहेत, आणि "अजून बरा झाला नाहीस का?" हे न विचारण्याची अक्कल आहे. तेवढं करायला इंजिनिअर लागत नाही, डॉक्टरही लागत नाही.

असो. बरंच लांबलं. चू. भू. द्या. घ्या.